स्पार्क्सच्या रेकॉर्ड्स: कुठून सुरुवात करायची आणि काय बघून घ्यायच्या

स्पार्क्स म्हणजे लॉस एंजेलिसचे रॉन आणि रसेल मेल, सख्खे भाऊ. रॉन थोरला, जन्म १९४५ चा. जवळजवळ सगळी गाणी तो लिहितो आणि स्टेजवर कीबोर्डमागे ढिम्म बसून प्रेक्षकांकडे रोखून बघतो. रसेल १९४८ चा. तो गातो, नाचतो, आणि त्याचा आवाज कधी टिपेला जाईल याचा नेम नसतो. पहिली रेकॉर्ड १९७१ ची, ताजा अल्बम २०२५ चा. मधे साथीदार आले नि गेले, कंपन्या बदलल्या, निर्माते बदलले, पण हे दोघे कायम. अल्बम पंचवीसच्या वर आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. कुणी डिस्को ऐकून ‘हे आपलं नाही’ म्हणतो, तर कुणी गिटारवालं ऐकतो, तसलंच आणखी शोधत बसतो आणि वैतागतो.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. काहींना फक्त ऐकायचंय, काहींना रेकॉर्ड विकतही घ्यायची आहे. पहिल्यांनी पाचव्या पायरीपर्यंत वाचलं तरी भागेल.

१. आधी नाव नीट शोधा

फोनवरच्या ॲपमध्ये नुसतं ‘स्पार्क्स’ टाकलंत तर जॉर्डिन स्पार्क्स नावाची गायिका येते, कोल्डप्लेचं त्याच नावाचं गाणं येतं, आणि आपली मंडळी कुठेतरी खाली सापडतात. नावापुढे ‘मेल’ हे आडनाव जोडा किंवा सरळ अल्बमचं नाव टाका.

सापडल्यावर पहिला मोह होतो ‘बेस्ट ऑफ’ लावण्याचा. २०१९ चं ‘पास्ट टेन्स’ हे संकलन चांगलंच आहे, पण पहिल्या दिवशी नको. १९७४ चं गाणं संपून १९७९ चं सुरू होतं तेव्हा दुसऱ्याच बँडचं गाणं लागलंय असं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला कशाचाच थांग लागत नाही. ही माणसं अल्बमच्या हिशोबाने विचार करतात. एका अल्बमपुरतं एक जग उभं करायचं आणि पुढच्या वेळी ते मोडायचं, अशी त्यांची चाल आहे. म्हणून मी सांगतो ते असं: तीन अल्बम, तीन काळांतले, प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत. एवढं झालं की बाकीचे कुठे बसतात ते आपोआप कळतं.

एडगर राईटचा २०२१ चा माहितीपट, ‘द स्पार्क्स ब्रदर्स’, तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. छान आहे. पण हे तीन अल्बम ऐकून झाल्यावर बघा. तो एकेक अल्बम क्रमाने उलगडत जातो आणि प्रत्येकाबद्दल कुणीतरी नामांकित माणूस येऊन मत देतो. दुसऱ्याचं मत कानात घेऊन रेकॉर्ड लावण्यात मजा नाही.

२. पहिला अल्बम: ‘किमोनो माय हाऊस’, १९७४

पहिल्यापासून क्रमाने जाऊ नका. अमेरिकेत काढलेले पहिले दोन अल्बम विचित्र आणि गोड आहेत, पण विकले गेले नाहीत, आणि त्यांची गंमत नंतर जास्त कळते. १९७३ मध्ये दोघे भाऊ लंडनला गेले, आयलंड या कंपनीशी करार झाला, तिथे नवे वादक घेतले आणि मफ विनवुड या निर्मात्याबरोबर हा अल्बम केला.

पहिलंच गाणं ‘धिस टाउन एंट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस’. सुरुवातीला पियानो, मग रसेल वरच्या पट्टीत, मधे चक्क बंदुकीचा बार. हे गाणं इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिलं येऊ दिलं नाही ते रुबेट्सच्या ‘शुगर बेबी लव्ह’ने. त्या वेळी टीव्हीवर रॉनची टूथब्रशसारखी मिशी आणि ती थंड नजर बघून इंग्लंडातली पोरं दचकली होती, असं त्या पिढीचे लोक अजून सांगतात.

पण याच गाण्यावर थांबाल तर हातातलं सोडलंत. ‘हिअर इन हेवन’ नीट ऐका. रोमिओ आणि ज्युलिएटचं एकत्र मरायचं ठरलं होतं. रोमिओ मेला, स्वर्गात पोचला, आणि ज्युलिएट आलीच नाही. आता तो वरून विचारतोय की हिचा बेत नक्की होता तरी काय. चाल अशी की पाय हलायला लागतात, आणि बोल असे की हसावं की बिचाऱ्याची कीव करावी कळत नाही. ‘टॅलेंट इज ॲन ॲसेट’मध्ये छोट्या अल्बर्टचे, म्हणजे आइन्स्टाइनचे, घरचे लोक पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावतात: पोर हुशार आहे, त्याला त्रास देऊ नका. बोर्डाच्या वर्षी घरोघरी जे चालतं ते इथे तीन-साडेतीन मिनिटांत गायलंय. शेवटच्या ‘इक्वेटर’मध्ये एक माणूस ठरल्याप्रमाणे विषुववृत्तावर जाऊन उभा आहे आणि भेटायला येणारीचा पत्ता नाही.

बोल कळत नाहीत म्हणून सोडू नका. रसेल इतक्या भरभर आणि इतक्या उंच गातो की इंग्लंडातल्या लोकांनाही पहिल्यांदा कळले नसतील. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा बोल समोर ठेवून.

हा आवडला तर त्याच वर्षीचा ‘प्रोपगंडा’ लगेच घ्या. नाही आवडला तरी दोन दिवस सोडून पुढची पायरी चढा.

३. दुसरा: ‘नंबर वन इन हेवन’, १९७९

इथे गिटार जवळपास गायब. जॉर्जिओ मोरोडर, म्हणजे डोना समरच्या डिस्को रेकॉर्ड्सचा कर्ता, निर्माता म्हणून आला, किथ फोर्सी ड्रम्सवर बसला, आणि बाकी बहुतेक सगळं सिंथेसायझरवर. एकूण सहाच गाणी. दोन माणसं, एक यंत्रांपाशी आणि एक माइकपाशी, हा पुढे ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये सर्रास दिसलेला नमुना यांनी तेव्हाच करून ठेवला होता. त्यांना स्वतःला त्याचा फायदा फारसा झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

‘द नंबर वन साँग इन हेवन’ अल्बमवर साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. त्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिला संथ, तरंगता. मग मधेच गाडी रुळावर येते आणि धावायला लागते. स्वर्गातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जे गाणं पहिलं आहे ते ऐकायला मरावं लागतं, अशी त्यातली कल्पना. रेडिओसाठी केलेली छोटी आवृत्ती आधी ऐकू नका. हा सांधाच तर ऐकायचा आहे.

इंग्लंडमध्ये ते चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ‘बीट द क्लॉक’ दहाव्या. पुढच्या वर्षीच्या ‘टर्मिनल जाइव्ह’वरचं ‘व्हेन आय ॲम विथ यू’ फ्रान्समध्ये जोरात चाललं. स्पार्क्सच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं: एका देशात विसरले जातात तेव्हा दुसऱ्या देशात गाजत असतात. १९९४ साली हीच पाळी जर्मनीची होती.

४. तिसरा: ‘लिल बेथोव्हन’, २००२

तिसरी उडी मोठी आहे आणि मला वाटतं हीच खरी परीक्षा. तीस वर्षं पॉप गाणी करून झाल्यावर दोघांनी ठोकाच काढून टाकला. पहिल्या ‘द ऱ्हिदम थीफ’मध्ये तसं उघड सांगूनच टाकलंय की ताल गेला, त्याला निरोप द्या. उरतात ते तंतुवाद्यांचे तुकडे, पियानो, आणि रसेलच्या आवाजाचे थरावर थर.

‘माय बेबीज टेकिंग मी होम’मध्ये शीर्षकाचं तेवढं एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, शंभराहून जास्त वेळा. मधे थोडंसं बोलणं आहे, बस. भजनाला बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एकच ओळ घोळवता घोळवता टाळ्यांचा वेग वाढतो आणि ओळीचा अर्थ बदलायला लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे मराठी कानाला हा अल्बम इंग्रजी रॉकवर वाढलेल्या कानापेक्षा लवकर जमतो, असं माझं मत.

हेडफोन लावून ऐका. स्वयंपाक करता करता लावायची ही रेकॉर्ड नव्हे.

५. मग मधले अल्बम, आपापल्या आवडीने

तिन्हींपैकी कुठला लागला त्यावर पुढची वाट.

‘किमोनो’ लागला असेल तर ‘इनडिस्क्रीट’ (१९७५). निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी. यात ब्रास बँडपासून जुन्या स्विंगपर्यंत काय वाटेल ते आहे. मग मागे वळून ‘अ वूफर इन ट्वीटर्स क्लोदिंग’.

‘नंबर वन’ लागला असेल तर १९९४ चा ‘ग्रॅट्युइटस सॅक्स अँड सेन्सलेस व्हायलिन्स’. ‘व्हेन डू आय गेट टू सिंग माय वे’ हे जर्मनीत गाजलेलं गाणं यातच आहे. त्याआधी सहा वर्षं एकही अल्बम नव्हता; ‘माई’ या जपानी मांगावरून सिनेमा करण्यात वेळ गेला आणि सिनेमा काही झाला नाही.

‘लिल बेथोव्हन’ लागला असेल तर २००६ चा ‘हॅलो यंग लव्हर्स’, दुसरा विचारच नको.

गिटार, नाच आणि थोडा वात्रटपणा हवा असेल तर १९८२ चा ‘अँग्स्ट इन माय पँट्स’. कव्हरवर रसेल नवरदेव आणि रॉन, मिशीसकट, नवरी. ऐंशीच्या दशकातले उरलेले अल्बम मी नव्या माणसाला सांगत नाही. एकेक गाणं चांगलं निघतं, पण पूर्ण बाजू ऐकायचा पेशन्स नंतर येतो.

६. विकत घेताना: एकाच रेकॉर्डची अनेक नावं, एकाच नावाची अनेक सोंगं

इथून पुढे पैशाचा मामला. स्पार्क्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत नावांमुळे होते, म्हणून हे सावकाश वाचा.

‘हाफनेल्सन’ आणि ‘स्पार्क्स’ ही एकच रेकॉर्ड आहे. १९७१ मध्ये बँडचं नाव हाफनेल्सन होतं, निर्माता टॉड रंडग्रेन. खप होईना. रेकॉर्ड कंपनीचा मालक अल्बर्ट ग्रॉसमन, त्याला नाव मार्क्स बंधूंच्या चालीवर ‘स्पार्क्स ब्रदर्स’ असं हवं होतं. या दोघांनी ‘ब्रदर्स’ उडवलं आणि ‘स्पार्क्स’ ठेवलं. १९७२ मध्ये तीच गाणी नव्या कव्हरमध्ये, नव्या नावाने आली. दोन्ही घ्याल तर एकच रेकॉर्ड दोनदा घेतलीत. शिवाय पहिले दोन अल्बम एकत्र बांधून ‘टू ओरिजिनल्स ऑफ स्पार्क्स’ नावाचा दुहेरी संचही निघाला होता. तो मिळाला तर दोन्ही कामं एकदम होतात.

‘इंट्रोड्यूसिंग स्पार्क्स’ नावावरून पहिला अल्बम वाटतो. आहे सातवा, १९७७ चा. त्यांचा स्वभाव बघता हे मुद्दामच केलं असणार.

‘द बेस्ट ऑफ स्पार्क्स: म्युझिक दॅट यू कॅन डान्स टू’ असं छापलेली सीडी दिसली तर ती बेस्ट ऑफ नाही. १९८६ चा ‘म्युझिक दॅट यू कॅन डान्स टू’ हा अल्बमच पुढे त्या नावाने खपवला गेला.

१९८८ चा ‘इंटिरिअर डिझाइन’ तर वेगवेगळ्या देशांत इतक्या वेगवेगळ्या नावांनी आणि कव्हरांनी निघालाय की नाव बघूच नका, गाण्यांची यादी बघा.

‘प्लेजरिझम’ (१९९७) हा जुन्याच गाण्यांचा नव्याने केलेला अल्बम आहे. त्यात फेथ नो मोअर, इरेझर, जिमी सॉमरविल असे पाहुणे आहेत. वाईट नाही, पण ‘धिस टाउन’ची मूळ आवृत्ती म्हणून हा घेऊ नका. ॲपवरही ही चूक होते: गाणं तेच, वर्ष बघावं तर १९९७.

फ्रान्झ फर्डिनंडबरोबर २०१५ मध्ये काढलेला अल्बम ‘एफएफएस’ या नावाखाली आहे. दुकानात ‘एस’च्या कप्प्यात शोधून सापडणार नाही.

‘द सिडक्शन ऑफ इंगमार बर्गमन’ (२००९) हे स्वीडिश रेडिओने करून घेतलेलं संगीत नाटक. सुटी गाणी म्हणून लावलंत तर काहीच हाताला लागत नाही. एका बैठकीत ऐका.

लिओ काराक्सच्या ‘ॲनेट’ सिनेमाचं सगळं संगीत आणि मूळ कथा यांचीच. २०२१ मध्ये आधी निवडक गाण्यांची ‘कान एडिशन’ (कान म्हणजे फ्रान्समधला चित्रपट महोत्सव) आली आणि नंतर जास्त गाण्यांची मोठी आवृत्ती. सिनेमा आवडला असेल तर दुसरीची वाट धरा.

शेवटी, कंपन्या. सत्तरीच्या मध्यात इंग्लंडमध्ये आयलंड, ‘बिग बीट’ (१९७६) मात्र अमेरिकेत कोलंबियाने काढला. १९७९ चा ‘नंबर वन इन हेवन’ इंग्लंडमध्ये व्हर्जिन, अमेरिकेत इलेक्ट्रा. त्यामुळे लेबल वेगळं दिसलं म्हणून लगेच नकली समजू नका. कुठल्या देशातली प्रत आहे ते आधी बघा.

७. प्रत तपासणं

जुनी रेकॉर्ड घेताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा दोन गोष्टी खऱ्या बोलतात: लेबल, आणि शेवटच्या गाण्यानंतर मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला नंबर. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईचं वेगळं पान असतं. तिथला नंबर आणि हातातल्या रेकॉर्डवरचा नंबर जुळवून बघायचा. ऑनलाइन घेत असाल तर त्या पट्ट्याचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

उदाहरणार्थ ‘किमोनो माय हाऊस’ची इंग्लंडमधली पहिली छपाई. कॅटलॉग नंबर आयएलपीएस ९२७२. लेबलला गुलाबी कड आणि मधे ताडाचं झाड. कव्हरवर हिरव्या पार्श्वभूमीवर किमोनोतल्या दोन बायका, एकीचा अवतार पार विस्कटलेला. समोरच्या बाजूला बँडचं नावही नाही आणि अल्बमचंही नाही. दुकानात ढीग चाळताना हे कव्हर लक्षात ठेवावं लागतं, कारण वाचायला काही नसतं. ‘प्रोपगंडा’वर दोघे भाऊ स्पीडबोटीत हातपाय बांधून, तोंडात बोळा कोंबलेले. ‘इनडिस्क्रीट’वर वस्तीत कोसळलेल्या छोट्या विमानातून बाहेर पडताना. ही तीन कव्हरं ओळखता आली की निम्मं काम झालं.

दर्जाची भाषा गोल्डमाईन या अमेरिकन मासिकाची चालते, आणि ती फसवी आहे. ‘व्हीजी प्लस’ (व्हीजी म्हणजे व्हेरी गुड) म्हणजे नीट वाजणारी, थोड्या खुणा असलेली रेकॉर्ड. ऐकणाऱ्या माणसाने इथपर्यंत उतरावं. नुसतं ‘व्हीजी’ म्हणजे खरखर ऐकू येणार. आणि ‘गुड’ म्हणजे सरळ वाईट. रेकॉर्डचा दर्जा आणि कव्हरचा दर्जा वेगवेगळा लिहिलेला असतो. कव्हर चकाचक आणि आत भाजणी, असंही मिळतं.

‘द नंबर वन साँग इन हेवन’ची बारा इंची रेकॉर्ड रंगीत प्लास्टिकमध्ये निघाली होती. दिसायला देखणी आहे. भिंतीवर लावायची असेल तर रंगाच्या मागे लागा. ऐकायची असेल तर साधा काळा अल्बम घ्या, स्वस्तात पडतो आणि गाणी सहाच्या सहा.

जुन्या प्रतींचा हट्ट नसेल तर अलीकडे पुन्हा छापलेल्या घ्या. २०२२ मध्ये ‘लिल बेथोव्हन’सकट या शतकातले बरेचसे अल्बम नव्याने आले. ‘लिल बेथोव्हन’मध्ये शांत जागा इतक्या आहेत की जुनी खरखरीत प्रत घेण्यात अर्थच नाही.

८. मागवणं आणि सोडवणं

महाराष्ट्रातल्या जुन्या बाजारात हिंदी सिनेमाच्या आणि नाट्यसंगीताच्या एलपी ढिगाने मिळतात, स्पार्क्स शोधत फिरू नका. नव्या छपाईसाठी मुंबईतल्या एलपीच्या दुकानांत मागणी नोंदवून बघा. बाकी बाहेरून मागवणं आलं.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

– विक्रेत्याचं बिल, त्यावर वस्तूची खरी किंमत आणि डाकखर्च वेगवेगळा
– पैसे भरल्याची पावती
– ओळखपत्र: आधार किंवा पासपोर्ट, कुरिअर कंपनी केवायसीसाठी मागते आणि बिलावरचं नाव, पत्ता ओळखपत्राशी जुळावा लागतो
– विक्रेत्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दर्जा लिहिलेला दिसेल असा

कस्टम्सची ड्यूटी लागते आणि ती फक्त रेकॉर्डच्या किमतीवर नसते, डाकखर्चही त्यात धरला जातो. दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डर टाकायच्या दिवशी बघा आणि तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. पोस्टाने आलं तर फॉरेन पोस्ट ऑफिसमधून तपासून येतं आणि पोस्टमन दारात रक्कम घेतो. कुरिअरने आलं तर कंपनी ड्यूटी भरते आणि वर स्वतःचं शुल्क लावते.

‘गिफ्ट लिहून पाठवा, काही लागत नाही’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंची ती सवलत बंद झाली आहे. सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटीलासुद्धा नाही. किंमत कमी लिहायला सांगू नका; पार्सल अडकलं तर सोडवता सोडवता नाकी नऊ येतात, आणि फुटलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

विक्रेत्याला एक वाक्य जरूर लिहा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवा. आत ठेवली तर प्रवासात हिंदकळून कव्हरची कड आतून फाडते. एका विक्रेत्याने हे न ऐकता पाठवलेल्या ‘इनडिस्क्रीट’चं कव्हर माझ्याकडे तीन बाजूंनी उसवून आलं, विमान आणखी एकदा कोसळल्यासारखं. शक्यतो एप्रिल-मेमध्ये मागवू नका. गोदामात आणि टेम्पोत तापून रेकॉर्ड वाकते.

लंडन किंवा न्यू जर्सीत कुणी आतेभाऊ-मामेबहीण असेल तर तिकडच्या पत्त्यावर मागवा आणि येताना आणायला सांगा. अमेरिकेत रेकॉर्ड्ससाठी टपालाचा ‘मीडिया मेल’ हा स्वस्त दर आहे. एलपी साधारण साडेएकतीस सेंटिमीटर चौरस असते, हातातल्या बॅगेत बसते. दोनच द्या. पाच दिल्यात तर पुढच्या वेळी त्यांची बॅग ‘भरलेली’ असेल.

तुम्हीच तिकडे राहत असाल तर काम सोपं आहे. एप्रिलमधला रेकॉर्ड स्टोअर डे गर्दीचा असतो, तो सोडून इतर दिवशी जा.

९. घरी आल्यावर

लागणाऱ्या गोष्टी: टर्नटेबल, त्यात नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा डबा), कार्बन फायबरचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आतली आणि बाहेरची प्लास्टिकची पाकिटं. सूटकेसमधला स्वस्त प्लेअर घेऊ नका. सुईचा भार जास्त असतो आणि रसेलच्या वरच्या सुरांवर आवाज फाटतो. यांच्या रेकॉर्डवर सुई स्वस्तातली आहे हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

वेगाकडे लक्ष द्या. बारा इंची सिंगल्सपैकी (एक-दोन गाण्यांच्या रेकॉर्ड्सपैकी) बऱ्याच मिनिटाला ४५ फेऱ्यांवर वाजतात, अल्बम ३३ वर. स्पार्क्सच्या बाबतीत वेग चुकला तरी काही वेळ कळत नाही, ‘असंच असेल’ असं वाटतं. अमेरिकन सात इंची सिंगलला मधे मोठं भोक असतं, त्यासाठी छोटी चकती लागते.

पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते. रेकॉर्ड्स भिंतीला टेकून नकोत. उभ्या, सैल, आणि सिलिका जेलच्या पुड्या मधे. आडव्या एकावर एक रचू नका.

१०. नव्या रेकॉर्ड्स

ही मंडळी थांबलेली नाहीत, त्यामुळे जुन्यातच अडकून राहू नका. २००८ मध्ये लंडनला त्यांनी तोवरचे एकवीस अल्बम एकवीस रात्रींत, एका रात्री एक, क्रमाने वाजवले होते. अनेकांना तो निरोप वाटला. त्यानंतर ‘हिपोपोटॅमस’ (२०१७), ‘अ स्टेडी ड्रिप, ड्रिप, ड्रिप’ (२०२०) आणि ‘द गर्ल इज क्रायिंग इन हर लाटे’ (२०२३) असे तिन्ही इंग्लंडमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. तिसरा तर सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा आयलंडवर आला, आणि त्याच्या शीर्षक गाण्याच्या व्हिडिओत पिवळा सूट घालून केट ब्लँचेट नाचते. मे २०२५ मधला ‘मॅड!’ ट्रान्सग्रेसिव्ह या कंपनीवर निघाला आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. ‘किमोनो’सुद्धा चौथ्यापर्यंतच पोचला होता. रॉन तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘मॅडर!’ ही छोटी रेकॉर्डही आली.

नवा अल्बम जाहीर झाला की पूर्वनोंदणीत तीन-चार रंगांच्या प्रती निघतात. गाणी सगळ्यांवर तीच असतात. ड्यूटीचा हिशोब धरून एक घ्या, आणि उरलेल्या पैशांत ‘प्रोपगंडा’.